माशाची पानथरी : रक्ताच्या वाटेवरील चौकी

फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या आमच्या बाजूस, रविवारी रोहू कापून घेताना मावशींनी टाकाऊ म्हणून जे बाजूस सारले, त्यात आतड्याच्या वेटोळ्यांना बिलगलेली, गर्द तांबडी, बोट लागताच ओघळू पाहणारी एक चिंचोळी पट्टी मला दिसली. तीच माशाची प्लीहा, आपल्या बोलीतील पानथरी.

माशाच्या देहात लसिकाग्रंथी नाहीत, हाडांत रक्त घडविणारी मज्जाही नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या इवल्या अवयवाचे महत्त्व उमगते. रक्तनिर्मितीचा मुख्य भार मूत्रपिंडाचा अग्रभाग वाहतो; रक्ताच्या झडतीचा बंदोबस्त मात्र बव्हंशी पानथरीकडे असतो. मनुष्याच्या प्लीहेत तांबडा व पांढरा गर निराळे ओळखू येतात, माशात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

खरे कौतुक आहे ते येथील नाकेबंदीचे. बहुतेक अस्थिमत्स्यांत धमनीच्या अखेरच्या सूक्ष्म शाखांभोवती जाळीदार तंतूंचे आणि भक्षक पेशींचे जाड वेष्टन असते, ज्यास इलिप्सॉइड म्हणतात. त्यातून रक्त झिरपताना जंतू व परके कण तेथेच अडकतात आणि गिळले जातात. कालांतराने या पेशी तपकिरी-काळ्या रंगद्रव्याने भरलेल्या पुंजक्यांत गोळा होतात. जीर्ण रक्तपेशींतील लोहही तेथेच जमा होते. वय, उपासमार वा दूषित पाणी यांमुळे हे पुंजके वाढतात, म्हणून मत्स्यरोगतज्ज्ञ त्यांना पाण्याच्या प्रकृतीचे दप्तर मानून वाचतात.

पुढच्या खेपेस मासा घ्याल तेव्हा ती पट्टी अवश्य मागून पाहा.