खाडीवरचे गुलाबी पाहुणे

मुलुंडला राहून मला चाळीस वर्षे झाली. पण ठाण्याच्या खाडीशी माझा संबंध ऐरोलीचा पूल ओलांडताना नाकाला रुमाल लावण्यापुरताच! तिथे कोणी तिकीट काढून, हौसेने होडीतून हिंडेल असे म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढले असते. पण गेल्या फेब्रुवारीत नातवाने हट्ट धरला, सौ.ने थालीपिठांचा डबा भरला. त्या दोघांपुढे माझे काय चालणार?

ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तिथली होडी घड्याळाचे ऐकत नाही, भरती-ओहोटीचे ऐकते. दोन्ही काठांना तिवरांची दाटी. त्यांची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून झाडांनी वर काढलेली ती नाकेच! झाडे नाके उघडी ठेवून उभी आणि आम्ही झाकून बसलेले. मी मुकाट्याने रुमाल खिशात घातला.

वाटेत बगळे दिसले, लांब तांबड्या पायांचे शेकाट्ये दिसले. मग नावाड्याने यंत्र मंद केले. समोर चिखलावर कुणी गुलाबी लुगडी वाळत घातली होती जणू! ते रोहित. मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळणारे. गर्द तांबड्या चोचीचा छोटा रोहित. गुलाबी चोचीचे टोक काळे असेल तो मोठा. पाण्यातले बारीक शेवाळ हे छोट्या रोहिताचे मुख्य अन्न आणि हा रंगही अन्नातूनच येतो. उपनगरांच्या सांडपाण्यावर ते शेवाळ पोसते, असे जाणकार सांगतात. म्हणजे नकळत यजमान आपणच!

2015 साली सुमारे 17 चौरस किलोमीटरचा हा भाग अभयारण्य झाला. 2022 साली रामसरच्या जागतिक यादीतही गेला. पण पाखरांना यादी कुठली वाचता येते? भरतीने चिखल बुडाला की त्यांना उभे राहायला उथळ पाणी हवे. मग ती नेरूळकडच्या तळ्यांवर जातात. ती तळी बुजली, तर नुसते अभयारण्य काय कामाचे?

माझी धाकटी बहीण घाटकोपरला राहते. 20 मे 2024 च्या रात्री उतरत्या विमानाची धडक बसून तिथे 39 रोहित मेले. दुसऱ्या दिवशी फोनवर ती एवढेच म्हणाली, "दादा, पंख अगदी कुंकवासारखे रे!"

हे मी नातवाला सांगितले नव्हते. परतताना त्यानेच विचारले, "आजोबा, पुढच्या वर्षी येतील ना हे?"

"येतील," मी म्हणालो. "आपण जागा ठेवली तर."

पूल आला. सौ.ने सवयीने रुमाल पुढे केला. मी तो घेतला आणि चष्मा पुसला.