दगडाआडची लेकरं

तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला 1700 च्या आसपासचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याच्या पदरी असलेल्या राजा खान पठाणाने तो बांधला. मुलूख राखायला उभारलेला हा गड पुढे भोसल्यांच्या काळात कैदखाना झाला. राखणाऱ्या भिंती कोंडणाऱ्या कशा होतात, हे आंबागडाने दाखवलंच. पण गोंडांच्या सगळ्यात मोठ्या कथेचा तर राखणं आणि कोंडणं यांचा हा पेचच गाभा आहे.

त्या कथेची जागा कचारगड. सालेकसा तालुक्यातली ही अजस्र गुहा 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होती, आता गोंदियात आहे. माघ पौर्णिमेला इथे जत्रा भरते, परराज्यांतूनही गोंड येतात. आपले पूर्वज लहान लेकरं असताना त्यांना याच गुहेत शिळा लावून कोंडलं होतं, अशी त्यांची श्रद्धा. लेकरांना माया दिली जंगो रायताडने, सोडवलं पहांदी पारी कुपार लिंगोने. सोबत हिरासुका पाटालीर हा वादक होता. शिळा हटली, पण तिच्याखाली तोच चिरडला गेला, असं सांगतात.

हीच कथा नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने परधान गायकाकडून उतरवून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, ती छापली गेली. तिच्यात फरक बरेच आहेत, शिळा मात्र आहेच. पोरांना कंटाळून महादेव त्यांना गुहेत घालतो, दारावर राक्षस बसवतो. पार्वतीला त्यांच्यावाचून करमत नाही. फक्त चौघे निसटतात आणि त्यांना लिंगो भेटतो. तो त्यांना शेती शिकवतो, विस्तव मिळवून देतो, लग्नं लावून देतो. आणि हेच चौघे खोट्या आळावर विश्वास ठेवून त्याला मारतात, त्याचे डोळे काढून गोट्या खेळतात! अमृताने लिंगो पुन्हा उठतो आणि सूड घ्यायचं सोडून, अजून गुहेत अडकलेल्यांना सोडवायला निघतो. इतकं धाडस फार थोड्या कथांनी केलं असेल.

फँटसी मांगा वाचणाऱ्यांना जपणाऱ्याच्याच हातून घात होण्याचा हा पेच ओळखीचा वाटेल. कोरे यामाझाकी यांच्या 2013 पासून चाललेल्या ‘द एन्शंट मॅगस ब्राइड’मध्ये जादूगार इलायस अनाथ चिसेला लिलावात विकत घेतो, जपतो, आणि तिला वाचवण्यासाठी तिच्या मैत्रिणीचा बळी द्यायलाही तयार होतो. तिथे चिसे मोठी होतेच, पण खरं वाढायचं असतं ते इलायसला. माझ्या मते पालकाची परीक्षा पाल्यापेक्षा कठीण असते, आणि लिंगोच्या कथेत ती एका घरट्यापाशी होते.

कैद्यांच्या सुटकेसाठी महादेव अट घालतो: काळ्या बिंदो पक्ष्याची पिल्लं आण. समुद्रकाठी लिंगोला घरटं सापडतं. आईबाप चाऱ्याला गेलेले, पिल्लं उघडी. उचलली की काम फत्ते. पण न विचारता नेली तर आपण चोर ठरू, म्हणून तो थांबतो. तेवढ्यात पाण्यातून प्रचंड भुजंग वर येतो. दर खेपेला पिल्लं गिळणारा तो हाच. लिंगो बाणाने त्याला मारतो. पक्षी परततात, तर पिल्लं चाऱ्याला तोंड लावेनात. आधी आम्हाला वाचवणाऱ्याची विचारपूस करा म्हणतात. मग बिंदो मादी पंखांची सावली धरते, आणि पिल्लांसकट लिंगोला पाठीवर घेऊन महादेवाकडे उडते. मला या प्रसंगाचं नवल वाटतं ते यासाठी, की कैद्यांच्या सुटकेची किंमत दुसऱ्या कुणाच्या लेकरांनी मोजावी, हे कथेला मंजूर नाही.

शिळा सरकते. बाहेर आलेल्यांना लिंगो कुळं वाटून देतो, देव देतो, सोयरिकीचे नियम घालून देतो. मग तो निघून जातो, पुन्हा येत नाही. त्या वाटणीवरूनच आजही गोंड घरात लग्न जुळवताना आधी विचारतात: तुम्ही किती देवांचे? चार, पाच, सहा की सात?