उपवासात पेशी काय करतात?

भाद्रपदात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककरांचे लक्ष दुतोंड्या मारुतीकडे जाते. मूर्तीच्या कुठवर पाणी चढले, यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज बांधण्याची येथील जुनी रीत आहे. धरणावर मात्र पातळी पाहून कोणता दरवाजा किती उचलायचा, हे आधीच ठरलेले असते. याच दिवसांत पर्युषण येते. कोणी एक उपवास करतो, कोणी अठाई. एखादी श्राविका मासखमणाची तपस्या पूर्ण करते. त्या वेळी तपस्वींच्या शरीरातही असेच दरवाजे उघडत आणि मिटत असतात. त्यांना विज्ञानाने विकरे असे नाव दिले आहे.

पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने म्हणजे विकरे. एका विकराने तयार केलेला पदार्थ पुढच्या विकराच्या हाती जातो. अशा पायऱ्यांच्या मालिकेला चयापचयाचा मार्ग म्हणतात. मार्गावर विकरे अनेक असली, तरी प्रवाहाची गती मोजक्या ठिकाणी ठरते. तेथील विकर पुरेसा माल तयार झाला की मंदावते आणि तुटवडा भासला की पुन्हा वेग घेते.

प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. रक्तात मात्र एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम असते. म्हणून यकृत सुमारे १०० ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. ही शरीराची हातातली रोकड; मेद ही मुदत ठेव.

ग्लायकोजेनचे कोठार उघडणारे विकर म्हणजे फॉस्फोरिलेज. ते पेशीत सदैव हजर असते. परंतु सदैव कामावर नसते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की, या विकराला फॉस्फेटचा अंश जोडला की ते कार्यरत होते आणि तो काढून घेतला की थांबते. या शोधाबद्दल त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतात ही कळ फिरवण्याचा आदेश संप्रेरके देतात. उपवासात ग्लुकागॉन वाढते व कोठार उघडते. जेवणानंतर इन्शुलिन वाढते व ते बंद होते. स्नायूंतही ग्लायकोजेन असते. परंतु ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर त्यांच्यापाशी नसल्यामुळे तो साठा स्नायूंनाच वापरता येतो.

साधारण एका दिवसात यकृतातील रोकड संपत येते. मग यकृत स्नायूंतील प्रथिनांच्या घटकांपासून नवे ग्लुकोज तयार करू लागते. इन्शुलिन उतरल्याने मेद मोडणाऱ्या विकरांवरील बंधन सुटते आणि मुदत ठेव खुली होते. त्या मेदापासून यकृत कीटोन पदार्थ बनवते. ते वापरण्याचे विकर यकृताकडे स्वतःकडे नाही. म्हणून ते सारे इतर अवयवांना मिळतात. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सिद्ध केले की, दीर्घ उपवासात मेंदूही प्रामुख्याने या कीटोनांवर चालतो. त्यामुळे ग्लुकोजची मागणी घटते आणि स्नायूंची झीज मंदावते.

ही व्यवस्था इन्शुलिन वेळेवर उतरण्यावर उभी आहे, आणि मधुमेही तपस्वींचा प्रश्न नेमका येथेच येतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसतानाही स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. टोचून घेतलेले इन्शुलिनही आपले काम करीतच राहते. परिणामी रक्तातील साखर घटत असताना यकृताचे दरवाजे मात्र मिटलेले राहतात. घाम, कंप, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास ताबडतोब गोड काही घेणे आवश्यक ठरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका निराळा आहे: उपवासात कीटोन प्रमाणाबाहेर वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. औषधे आपल्याच मनाने बंद करणे हाही उपाय नव्हे. विशेषतः इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णाने ते पूर्ण थांबवणे प्राणघातक ठरू शकते. मात्रा बदलायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि तीही पच्चक्खाण घेण्यापूर्वी.

पारण्यातही हेच तत्त्व आहे. दीर्घ तपस्येनंतर एकाएकी भरपूर गोड घेतले, तर इन्शुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत शिरून रक्तात त्यांचा तुटवडा पडतो. हृदयाची गतीही बिघडू शकते. मुगाच्या पाण्याने सावकाश पारणे करण्याची घरोघरची रीत विकरांना मार्ग बदलण्यास सवड देते. मासखमणाचे पारणे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

आजारी ज्येष्ठांना तप मोडण्याची भीती असते आणि घरच्यांना त्यांना अडवण्याचा संकोच. पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा देणारा आगार त्यांपैकीच एक. पच्चक्खाण घेताना तो दरवर्षी उच्चारला जातो. यंदा पर्युषणापूर्वी घरातील मधुमेही ज्येष्ठांपाशी बसून त्याचा अर्थ समजून घ्यावा, आणि त्यांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावे.