डीएनएवरील खुणा

मनुष्याच्या यकृतातील पेशी आणि मेंदूतील पेशी यांमध्ये डीएनए एकच असतो. तरीही दोघींचे कार्य अगदी भिन्न असते. कारण कोणतीही पेशी सर्व जनुकांचा उपयोग एकाच वेळी करीत नाही. कोणते जनुक कार्यरत राहावे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थांपैकी एक म्हणजे डीएनएचे मिथिलीकरण होय.

डीएनएमधील सायटोसिन या घटकाला एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट जोडला जातो. त्यामुळे डीएनएतील मजकूर बदलत नाही. त्यावर केवळ खूण होते. जनुकाच्या आरंभी अशा खुणा दाट झाल्या, की ते जनुक बहुधा निष्क्रिय होते. पेशीविभाजनाच्या वेळी या खुणा नव्या पेशींतही उतरतात.

ही व्यवस्था प्राचीन आहे. परंतु उत्क्रांतीच्या ओघात तिचे स्वरूप बदलत गेले. पृष्ठवंशीय प्राण्यांत सायटोसिनपुढे ग्वानिन असलेल्या जागांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के जागांवर मिथिल गट आढळतो. अनेक कीटकांत तो विरळ असतो, तर फळमाशीत जवळजवळ नसतो. या व्यवस्थेत एक धोकाही आहे. मिथिलयुक्त सायटोसिनचे थायमिनमध्ये सहज रूपांतर होते. म्हणून पृष्ठवंशीयांच्या डीएनएत अशा जागा काळाच्या ओघात कमी झाल्या.

मधमाश्यांचे उदाहरण बोलके आहे. राणीमाशी व कामकरी माशी यांचा जनुकसंच सारखाच असतो. अळीला मिळणाऱ्या आहारावरून ती राणी होणार की कामकरी, हे ठरते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांमधील मिथिल गट जोडणाऱ्या एका विकराची निर्मिती रोखली. तेव्हा त्यांपैकी बहुतेक अळ्या राणीच्या रूपात वाढल्या.

मनुष्यातही आहाराचा या प्रक्रियेशी संबंध आहे. मिथिल गटाच्या पुरवठ्यासाठी फोलेट आणि जीवनसत्त्व ब-१२ आवश्यक असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व मुले यांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांत ब-१२ची कमतरता आढळली. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी दिसला. ही मधुमेहाकडे नेणारी अवस्था असते. या संबंधामागे मिथिलीकरण असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. पुण्यातील व्यक्तींना ब-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरील खुणा बदलल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

ब-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते; धान्ये व भाज्यांत ते नैसर्गिकरीत्या नसते. म्हणून गर्भवतीने केवळ पोटभर जेवणे पुरेसे नाही. आहार संतुलित असावा आणि गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. जनुके जन्मासोबत येतात. परंतु त्यांवरील खुणांवर आईच्या ताटातील अन्नाचाही परिणाम होऊ शकतो.