आमच्या भिंतीवरची माणसे : कौटुंबिक छायाचित्रांच्या मांडणीविषयी

आपल्या कोणत्याही घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब दिसतात. त्यांच्या खाली किंवा शेजारी घरातील कर्त्या पुरुषाचे स्टुडिओत काढलेले छायाचित्र असते, एखाद्या मुलाचे पदवीदानाच्या झग्यातले असते, एखादा लग्नाचा जोडफोटो असतो. जळगावात हेच, धुळ्यातही हेच. पण त्याच घरात भाकरी थापणारी, कापूस वेचणारी, सणाला पोटभर हसणारी, आजारी मुलाच्या उशाशी बसलेली माणसे भिंतीवर कुठे असतात? ती पत्र्याच्या पेटीत असतात. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र ह्यांच्या खाली, एखाद्या पिशवीत, एकमेकांना चिकटलेली.

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात भीमजयंतीच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने आपली अशी पेटीतली छायाचित्रे बाहेर काढून दोन-तीन फलकांवर मांडावीत असे ठरले. माझ्या घरचे फलक मी केले. काम साधे वाटले होते. ते करताना माझीच काही मते मला बदलावी लागली. इतरांना उपयोग व्हावा म्हणून ते येथे मांडतो.

प्रथम एक प्रश्न. आपली छायाचित्रे आधी कोणी काढली आणि कशासाठी? ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ ह्या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. माणसे जातींचे आणि जमातींचे नमुने म्हणून उभी केलेली आहेत. कॅमेऱ्यापुढे उभा असलेला माणूस कोण, ह्यापेक्षा तो कोणत्या जातीचा, हेच तेथे महत्त्वाचे आहे. राज्यकर्त्याला प्रजा ओळखायची होती, माणूस ओळखायचा नव्हता.

ह्याला उत्तर देण्याचा प्रयत्न जगात दुसरीकडे झाला, तो आपण लक्षात घ्यावा. अमेरिकेतील निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांची ३६३ छायाचित्रे अल्बममध्ये लावून ठेवली. घरे, दुकाने, कुटुंबे, शिकलेल्या मुली, डोळ्यांत डोळे घालून पाहणारे पुरुष. ज्यांना जग फक्त गुलामांचे वंशज समजत होते, त्यांनी जगाला आपला चेहरा दाखवला. ह्याच ड्यू बॉइस ह्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. दोन समाजांच्या दुःखाचे नाते दोघांनाही ठाऊक होते. पण त्या अल्बममधीलही बहुतेक छायाचित्रांखाली माणसांची नावे नाहीत. हा दोष आपण टाळायला हवा.

आता आपल्या भिंतीकडे वळू. सावरून, नीटनेटके बसून काढलेल्या छायाचित्रांना आपल्यातले काही शिकलेले लोक नाके मुरडतात. 'हे खरे जीवन नव्हे, हा देखावा,' असे ते म्हणतात. मीही म्हणत असे. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले ते आठवावे. अस्पृश्यतेची खूण सांगणारी वस्त्रे आणि दागिने टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याबद्दलही मार खावा लागला, त्या समाजातील माणूस इस्त्रीचा कोट घालून कॅमेऱ्यापुढे बसतो तेव्हा तो नुसता देखावा नसतो. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आणि पुढे टॉबी नावाचा कुत्रा. सगळे सावरून बसले आहेत. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्या एका छायाचित्राने आपल्या किती घरांना कुटुंब म्हणून एकत्र बसायला शिकवले!

माझ्या वडिलांचे असेच एक छायाचित्र आहे. अंगातला कोट स्टुडिओचा आहे. बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. मागे रंगवलेला महाल आहे. लहानपणी मला त्याची लाज वाटे. आता वाटत नाही. त्या माणसाने दिवसाची मजुरी देऊन एक क्षण विकत घेतला होता.

परंतु केवळ अशीच छायाचित्रे ठेवली तर आपण अर्धेच उरतो. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. अस्पृश्याला बसवून तांगा हाकायला एकही तांगेवाला तयार होईना. शेवटी तांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक जण बसला, ज्याला तांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळले. पाहुण्याला पायी चालावे लागू नये, ह्या मानापोटी लगाम हातात घेणाऱ्या त्या माणसाचे नाव त्या लेखनात नाही आणि त्याचा चेहरा आपल्यापुढे नाही. कॅमेरा खानदेशाला परका होता असे नाही. त्याच चाळीसगावात केकी मूस (१९१२–१९८९) ह्यांच्यासारख्या थोर छायाचित्रकाराने पुढे आयुष्य घालवले. पण आपल्या वस्तीत रोज काय घडत होते ते टिपायला आपल्या हातात कॅमेरा यावा लागला.

आमच्या घरी तो मामांमुळे आला. मामा भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर ते धुळ्याला, आमच्या आजोळी, परतले. त्यांच्याकडे आग्फाचा 'क्लिक थ्री' होता. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे, सव्वादोन इंच चौरस. रोल महाग, धुलाई महाग. म्हणून पहिली दहा छायाचित्रे लग्नाची, बारशाची, नव्या कपड्यांची. पण रोल संपल्याशिवाय तो धुवायला देता येत नसे. म्हणून शेवटची एक-दोन 'अशीच' काढली जात. नळावरची भांडी, ओट्यावर वेणी घालणाऱ्या बहिणी, दाढी करणारे वडील. आपल्या बेसावध क्षणांचा सगळा इतिहास असा रोल संपवण्याच्या घाईतून वाचला आहे.

मांडणीची पद्धत आता सांगतो.

जळगावचे आमचे घर आणि धुळ्याचे मामांचे घर मिळून ७४ छायाचित्रे निघाली. निवडण्याआधी ती घरातील वडीलधाऱ्यांपुढे एकेक ठेवावीत. जे सांगतील ते छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे : कोण, कुठे, कोणते साल, कोणी काढले. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. छायाचित्र काढणाऱ्याचे नाव विसरू नये. आमच्या ७४ छायाचित्रांत मामा एकदाही नाहीत. फक्त एकात, खाली मातीवर, त्यांची सावली पडली आहे.

मूळ छायाचित्र फलकावर कधीही डकवू नये. त्याची नक्कल काढून ती लावावी. मूळ प्रत कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि छायाचित्रे चिकटतात. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते. पत्र्याखालची पेटी हा छायाचित्रांचा शत्रूच समजावा. जुनी काळी-पांढरी छायाचित्रे बऱ्यापैकी टिकतात. नंतरच्या काळातील रंगीत छायाचित्रांचे रंग मात्र उडतात आणि ती तांबूस होतात, म्हणून त्यांच्या नकला आधी काढाव्यात. काचेची चौकट करायची असेल तर छायाचित्र आणि काच ह्यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी असावी; काचेला टेकलेले छायाचित्र ओलीने तिला चिकटते.

७४ मधून १९ निवडली. सगळी लावण्याचा मोह होतो. पण मग बघणारा एकही पाहत नाही. आम्ही तीन फलक केले, प्रत्येकी तीन फूट उंच आणि दोन फूट रुंद. प्रत्येक फलकावर एक मोठे छायाचित्र आणि भोवती लहान. लहान छायाचित्रांत एका बोटाचे अंतर सगळीकडे सारखे, फलकाफलकांत दोन इंच. आधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून जमिनीवर मांडून पाहावेत. खिळा ठोकल्यावर पस्तावण्यापेक्षा हे बरे. कडेच्या छायाचित्रातील माणूस आत बघणारा असावा; बाहेर बघणारा असला तर पाहणाऱ्याची नजर फलकाबाहेर जाते. साधारणतः फलकाचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे पाच फुटांवर, ठेवतात. पण विहारात आपण खाली बसतो. म्हणून आम्ही तो चार फुटांवर आणला. छोट्या मुलांनाही दिसले पाहिजे. बुद्ध आणि बाबासाहेब ह्यांच्या प्रतिमा त्यांच्या जागी राहतात, फलकात मिसळू नयेत. आणि फलकावरच्या आपल्या माणसांना हार घालू नये. त्यांना पुजायचे नाही, ओळखायचे आहे.

क्रम कसा लावावा? सालाप्रमाणे लावला की बखर होते. नात्याप्रमाणे लावला की वडील मध्यभागी येतात आणि बाया कडेला जातात. मी तेच केले होते. मधल्या फलकावर कोटातले वडील मोठे, आणि उजव्या फलकावर, श्रमाचे सत्य दाखवावे म्हणून, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी माझी माय : अनवाणी, पदर खोचलेला, ओटी कापसाने भरलेली. मला ते छायाचित्र फार मोलाचे वाटत होते.

मायने ते पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, हाऊ फोटो कसाले लावस? लोके हासतीन."

मी तिला समजावू लागलो. श्रमाची लाज कसली, हेच आपले वास्तव, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, बापाला कोट आणि मला फाटके लुगडे का? मला उत्तर देता आले नाही. वडिलांची निवड वडिलांनी केली होती. पैसे देऊन, कोट चढवून. मायची निवड मी केली होती, तिला न विचारता. 'पीपल ऑफ इंडिया'च्या साहेबाने तरी दुसरे काय केले होते?

मी फलक उतरवले आणि पुन्हा धुळ्याला जाऊन मामांची पेटी उपसली. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे आपले लोक जमतात. त्या यात्रेतले एक छायाचित्र निघाले, अर्थातच रोलमधले शेवटचे. पांढऱ्या साडीतली माय खडकावर बसली आहे, हातात भाकरी आहे, शेजारच्या बहिणीचे काहीतरी ऐकून तोंड उघडे टाकून हसते आहे. मागे पावसाने हिरवा झालेला डोंगर. ती सावरून बसलेली नाही आणि तरीही तिला तिची लाज वाटत नाही. ते पाहून ती म्हणाली, हे लाव.

तेव्हा मांडणी बदलली. मधल्या फलकावर ते मोठे आले. कोटातले वडील डाव्या फलकावर, आणि त्यांच्याच शेजारी दाढी करणारे, बनियनवरचे वडील. सावरलेला माणूस आणि बेसावध माणूस शेजारी ठेवले की दोघेही खरे वाटू लागतात. एका चौकटीत हे जमत नाही. अनेक फलकांचा उपयोग तो हा. कापसाच्या शेतातले छायाचित्र विहारात लागले नाही. मायने नकार दिला आणि तो मी मानला.

ह्यावर कोणी म्हणेल, मग समाजापुढे दुःख येणार कसे? दुःख आले पाहिजे. पण ज्याचे दुःख आहे त्याने ते पुढे ठेवायचे. आपल्या लेखकांनी आत्मकथने लिहिली तेव्हा हेच केले. आपल्या घरातील बाईला मात्र आपण तो अधिकार न विचारताच वापरतो.

विहारातील कार्यक्रम झाल्यावर फलक घरी आले. काही दिवसांनी मायनेच कापसाचे छायाचित्र मागितले आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर, नातवंडांच्या अभ्यासाच्या जागी, लावायला सांगितले. वर म्हणाली, "तठे मन्हं नाव लिखी दे." त्याखाली तिचे नाव, शेताचे गाव आणि साल आम्ही लिहिले आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रोल संपवण्याची वाट पाहावी लागत नाही. एका लग्नात हजार छायाचित्रे निघतात आणि फोन बिघडला की हजारही जातात. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. मामांच्या रोलची शिस्त पुन्हा लावून घ्यावी. दर वर्षाअखेर घरातील सर्वांनी बसून बारा छायाचित्रे निवडावीत, ती कागदावर छापून घ्यावीत आणि मागे नावे लिहावीत. बारांपैकी निदान सहा असावध क्षणांची असावीत. आणि जो छायाचित्रात आहे त्याला विचारल्याशिवाय एकही भिंतीवर चढवू नये.