वाचवलेले पैसे कोणाचे?

अमेरिकी सैन्यात शस्त्रखरेदीचा प्रत्येक मोठा प्रकल्प एका प्रोग्राम मॅनेजरच्या गळ्यात असतो. बहुधा एखादा कर्नल किंवा नौदलाचा कॅप्टन. १४ सप्टेंबर २०१० रोजी पेंटागॉनचे तेव्हाचे खरेदीप्रमुख अ‍ॅश्टन कार्टर यांनी ‘बेटर बाइंग पॉवर’ नावाने काटकसरीचा आदेश काढला, तो याच मंडळींच्या टेबलावर येऊन पडला.

आदेशातली मुख्य गोष्ट ‘शुड-कॉस्ट’, म्हणजे लागायला हवा तेवढा खर्च. एरवी नव्या शस्त्राचा अंदाज जुन्या प्रकल्पांवरून बांधतात, त्यामुळे तेव्हाचा गलथानपणाही हिशेबात धरला जातो. तेवढी रक्कम मंजूर झाली, की कंत्राटदार ती संपवतोच. शुड-कॉस्टमध्ये मॅनेजरने कामगारांचे तास, कच्चा माल, पोटकंत्राटदारांचे दर सुटेसुटे तपासायचे आणि खालचा आकडा मनाशी धरून घासाघीस करायची. बजेट मात्र वरच्याच आकड्याचं ठेवायचं.

हिशेब मॅनेजरला पटतो. त्याची धास्ती वेगळीच आहे: उरलेल्या पैशांचं काय होणार? आपला मार्चएंड तिकडे ३० सप्टेंबरला येतो. निधी ठरल्या वेगाने खर्ची पडला नाही, तर ‘याला एवढ्याची गरजच नव्हती’ म्हणून वरचे लोक तो काढून घेतात. म्हणजे घासाघीस करून दोन महिने उशिरा पण स्वस्तात करार करणारा फसतो, घाईत महाग करार करणारा सुटतो. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी वाचलेला पैसा सेनादलांकडेच राहील असं सांगितलं होतं खरं. पण तो नौदलाकडे राहिला म्हणजे आपल्या प्रकल्पाला मिळाला असं नव्हे, एवढं कॅप्टनला कळतं. ही तक्रार खोटी नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये खरेदी आणि वित्त विभागाच्या प्रमुखांना ‘निधी संपवा नाहीतर गमवा’ या सवयीविरुद्ध संयुक्त पत्रक काढावं लागलं.

काटकसरीचं फळ प्रकल्पालाच मिळालं तर काय होतं, हे व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुडीने त्याआधीच दाखवलं होतं. नौदलाची अट सरळ होती: एका पाणबुडीची किंमत २००५ च्या भावाने सुमारे २.४ अब्ज डॉलरवरून २ अब्जांवर आणा, मग २०१२ पासून वर्षाला एकाऐवजी दोन घेऊ. इंजिनिअरांनी पाणबुडीचं नाकच बदललं. सोनार यंत्रणेचा मोठा गोल काढून तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची रचना बसवली. क्षेपणास्त्रांच्या १२ अरुंद नळ्यांऐवजी दोन रुंद नळ्या आल्या, एकेकीत सहा टॉमाहॉक. मारा तेवढाच, पण बांधणी सोपी. आखणीवर आधी पैसा ओतावा लागला, पण पुढे दर पाणबुडीमागे कोट्यवधी डॉलर वाचले. इथे मॅनेजरपासून गोदीपर्यंत प्रत्येकाला वाचवण्यात आपला फायदा दिसत होता.

वर्षाला दोन पाणबुड्यांची खरेदी २०११ मध्येच सुरू झाली, ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी.