देवाची निवड आणि देवाची कृपा

अकोल्यास ख्रिस्ती अलायन्स मिशनचे ठाणे होते, तेव्हा 'निवड' आणि 'कृपा' ही शब्दांची जोडी वऱ्हाडाला अगदीच परकी नाही. आम्हा कामगार चळवळीतील माणसांना मात्र तिच्याविषयी थोडा संशय वाटतो. जिनिंगच्या फाटकाशी सकाळी मजूर निवडणारा मुकादम आम्ही पाहिलेला आहे. तो दंड पाहतो, ओळख पाहतो. आणि निवडला गेलेला त्याचे उपकार मानतो. देवाची निवडही अशीच काय?

संत ऑगस्टिनचे (354–430) उत्तर 'नाही' असे आहे. माणूस स्वबळावर चांगला होऊ शकतो, असे पेलेजियस म्हणे. ऑगस्टिन म्हणतो, चांगले होण्याची इच्छाच मुळी कृपेने उपजते. म्हणजे लायकी पाहून निवड नव्हे. आधी कृपा, मग लायकी. कॅल्व्हिनने हा धागा शेवटपर्यंत ओढला : काहींची तारणासाठी निवड, बाकीच्यांचा त्याग, आणि दोन्ही देवाच्याच इच्छेने. येथे आर्मिनियसचे अनुयायी अडले. कृपा सर्वांसाठी आहे, ती नाकारण्याची मुभा माणसाला आहे, असे त्यांचे म्हणणे. 1618–19 च्या डॉर्ट येथील धर्मसभेने ते फेटाळले. पुढे वेस्लीने तेच उचलून धरले. आपल्याकडे श्रीवैष्णवांतही असाच वाद झाला : वानराचे पिलू आईला स्वतः बिलगते, मांजरीचे पिलू आईच तोंडात धरून नेते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि 1895 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मांजरीचे पिलू म्हणावे, तर मधला काळ ते वाचीत होते, स्वतःशी झगडत होते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा तर सुमारे पाच वर्षांनी, त्यांचे त्यांना पटले तेव्हा झाला. नवऱ्याची निवड झाली आणि बायकोची तोवर राहिली होती, असे कोण म्हणेल?

मत्तयाच्या 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दृष्टांत आहे. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार, सायंकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. सकाळचे कुरकुरतात, आमच्या युनियननेही कुरकुर केली असती! परंतु ठरलेल्यातून मालकाने कोणाचे काही कापले नाही. शेवटचे लोक आळशी नव्हते; त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. दिनार ही एका दिवसाची मजुरी, आणि चूल त्यांच्याही घरी होती. मुकादमाने टाकलेल्यांची ही निवड होय. आमचा कल आर्मिनियसकडे आहे तो यामुळेच : त्या एका दिवसात मालक पाच वेळा चौकात गेला.